बाहेर कसं पडायचं ते आधी सांगा

आमच्या फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयाला कुठल्याशा ऑफिसातून जुने कंप्युटर मिळाले, मिळाले म्हणजे त्यांची अडगळ रिकामी झाली आणि आमची भरली. नवीन विंडोज त्यावर चढेना, मग डेबियन 12 हे फुकटचं लिनक्स टाकायचं ठरलं, मराठी फॉन्ट टाकले, गावातल्या पोरांना शनिवारी थोडं प्रोग्रामिंग शिकवायचं ठरलं, सगळं कसं गोडीगुलाबीने चाललेलं. आणि मग कोणाला तरी सुचलं विचारायचं, की टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या कमांड टाइप करायच्या खिडकीत, डिफॉल्ट एडिटर, म्हणजे मजकूर लिहायला आपोआप उघडणारा प्रोग्राम, कुठला ठेवायचा?

झालं. जत्रेला पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा यावरून देवस्थानच्या सभेत जे होतं ते सगळं आमच्याकडे झालं, फक्त कोर्टात कोणी गेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, ज्याला जो पाहिजे तो त्याने उघडावा. पण नवशिका एडिटर उघडतच नाही हो, एडिटर त्याच्या अंगावर येऊन पडतो. पोरगं बिचारं प्रोग्राममधले बदल नोंदवायला गिट कमिट एवढंच लिहून एंटर मारतं आणि समोरचं सगळं गायब होऊन भलतीच स्क्रीन येते, की बाबा काय बदललंस ते इथे लिही. ती भलती स्क्रीन कुठली असावी एवढाच आमचा विषय होता, आणि त्यावर चहा, मिरची भजी, भाजी-पाव आणि एक जुनी मैत्री एवढं सगळं खर्ची पडलं.

पहिला उभा राहिला तो व्हीआय या जुन्या एडिटरचा भक्त, आमचा व्हीआयवाला. हा रोज कदंबाच्या बसने पणजीला जातो, तिथे सर्व्हर सांभाळतो, आणि माउसला हात लावणाऱ्या माणसाकडे फार दयेने बघतो. त्याचं म्हणणं, व्हीआय सगळीकडे असतो, युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमसाठी ठरलेल्या पॉझिक्सच्या स्टँडर्डमध्येच आहे, उद्या पोरं कुठल्याही मशीनवर बसली तरी अडणार नाहीत. मुद्दा खोटा नाही. पण व्हीआय लिहिला बिल जॉयने 1976 च्या सुमारास, बर्कलीत, एडीएम-3ए नावाच्या टर्मिनलवर. त्या कीबोर्डवर एच, जे, के, एल याच बटणांवर बाण छापलेले होते म्हणून आजही व्हीआयमध्ये कर्सर त्यांनीच हलतो, आणि एस्केप तिथे होतं जिथे आता टॅब असतं, म्हणजे करंगळीखालीच. त्यात घरचं मोडेम 300 बॉडचं, एकेक अक्षर रांगत यायचं, म्हणून कमांड शक्य तितक्या आखूड. एका माणसाच्या टेबलावरची सोय ती, आणि पन्नास वर्षांनी त्याची शिक्षा आमच्या सातवीतल्या पोरांनी का म्हणून भोगायची?

शेवटी प्रॅक्टिकल करू म्हणून वाचनालयाच्या ताईंना मशीनवर बसवलं. ताई टायपिंगची परीक्षा पास, बोटं अशी चालतात की ऐकत बसावं. त्यांनी इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ लिहिलं. स्क्रीनवर आलं ‘मस्कार’. ताईंना वाटलं बटण खराब. बटण ठणठणीत होतं, पण विम (व्हीआयचाच सुधारलेला अवतार) उघडतो तेव्हा तो लिहायच्या मूडमध्ये नसतोच, एन म्हणजे मागचं सर्च परत कर (मागे सर्च काही नव्हतं म्हणून खाली एक एरर येऊन बसली), ए म्हणजे आता लिहायला घे, आणि उरलं ते मस्कार. एवढा अख्खा ‘न’ गिळून वर व्हीआयवाला म्हणतो, “बघा, किती लॉजिकल आहे!”

ताई मग कंट्रोल-सी दाबत राहिल्या तेव्हा विमने सांगितलं की अमुक लिहून एंटर मारा म्हणजे सगळे बदल टाकून देऊन बाहेर पडता येईल. “सगळे टाकून? नको गो बाई,” म्हणत त्यांनी सरळ मेन स्विच बंद केला. परत चालू करून तीच फाइल उघडली तर पानभर इशारा, वरती अटेन्शन असं ठळक अक्षरात, की या फाइलची स्वॅप फाइल, म्हणजे अर्धवट कामाची तात्पुरती नोंद, सापडलीय, दुसरं कोणी एडिट करतंय का, का मागच्या वेळी क्रॅश झालं? ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “कितें केलें रे हांवें?” घाबरल्या की त्या मराठी सोडून कोकणीवर येतात.

यात ताई काही एकट्या नाहीत. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर विममधून बाहेर कसं पडायचं हा एकच प्रश्न 2017 पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा बघितला गेला होता, आणि ज्याने तिथे जाऊन बघितलं त्याच्याकडे निदान दुसरी खिडकी तरी होती.

आपली बाजू पडतेय बघून व्हीआयवाल्याने भावनेला हात घातला. विम बनवणारा ब्राम मूलेनार, 1991 पासून माणसाने फुकट वाटला, वापरत असाल तर युगांडातल्या मुलांना मदत करा एवढंच मागितलं, 2023 मध्ये गेला. सगळे खरोखर गप्प झाले, मीसुद्धा, कारण ही गोष्ट मोठीच आहे. थोड्या वेळाने निवृत्त मास्तरांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “थोर माणूस, बाबा. पण बाहेर कसं पडायचं?”

मध्येच एकाने ईमॅक्सचं, म्हणजे व्हीआयच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचं, नाव काढलं. त्याला आणखी भजी वाढली.

माझं मत पहिल्यापासून नॅनो. क्रिस अलेग्रेटाने 1999 मध्ये पिको या एडिटरची नक्कल म्हणून केलेला, बघायला साधा, आणि मुख्य म्हणजे बाहेर पडायचं बटण कायम स्क्रीनच्या तळाला लिहिलेलं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने 33 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2020 मध्ये, व्हीआय बाजूला करून हाच डिफॉल्ट केला, आणि जगबुडी झाली नाही. आता नॅनोही काही साधूसंत नाही हे मान्य. तळाला लिहिलंय टोपी (^) आणि एक्स, टोपी म्हणजे कंट्रोल हे कुठेच ठळक सांगितलेलं नाही, त्यामुळे एका पोराने शिफ्ट दाबून सहाच्या बटणावरची टोपी काढली, मग एक्स मारला, आणि फाइलमध्ये टोपी-एक्स, टोपी-एक्स अशी ओळच्या ओळ भरली, तरी एडिटर बंद होईना. सेव्हला तिथे म्हणायचं ‘राइट आउट’ आणि शोधायला ‘व्हेअर इज’. पण आताच्या नॅनोत कंट्रोल-एसने सेव्ह होतं, ते त्या पोराला आधीच येत होतं. (फक्त तेच कंट्रोल-एस बाहेर टर्मिनलवर मारलं की स्क्रीन जागच्या जागी थिजते आणि कंट्रोल-क्यू मारेपर्यंत हलत नाही, ही जुन्या टर्मिनलांची देणगी, यावर एक वेगळी मीटिंग झाली ती सोडून देतो.)

आणि मग मास्तरांनी बॉम्ब टाकला. त्यांच्या भाच्याने लॅपटॉपवर नुसतंच एडिट नावाचं काहीतरी दाखवलं होतं, मायक्रोसॉफ्टचं. 64 बिटच्या विंडोजमध्ये कमांड लाइनला एडिटरच नव्हता म्हणून 2025 मध्ये त्यांनी रस्ट या भाषेत नवीन लिहिला, 250 केबीच्या आत, सोर्स खुला, आणि लिनक्सवरही चालतो. वर मेनू, माउस चालतो, लिहायचा मोड वेगळा अशी भानगड नाही. मास्तरांनी नव्वदच्या दशकात पोरांना डॉस शिकवलेलं, 1991 च्या डॉस 5 मध्ये आलेला एडिट त्यांना तोंडपाठ, त्यांनी ऑल्ट-एफ दाबला, मेनू खाली आला आणि म्हातारा खुर्चीत ताठ बसला. “हे मला येतं रे!”

व्हीआयवाल्याचा चेहरा मी विसरणार नाही. इतकी वर्षं लिनक्सचा झेंडा खांद्यावर घेऊन हिंडलेला माणूस, आणि नवशिक्याला सगळ्यात सोपं निघालं ते मायक्रोसॉफ्टचं. नॅनोवर दात खाणारा तो, एकदम उठून म्हणाला, “नॅनो. नॅनोच ठेवा. माझी हरकत नाही.” एडिट आला 2025 मध्ये आणि डेबियन 12 2023 चं, म्हणजे पॅकेजात तो नव्हताच, ही सबब सगळ्यांनी घाईघाईने मान्य केली. मास्तरांच्या मशीनवर मी हळूच टाकून दिला.

नंतर क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांची यादी, उघडताना कळलं की डेबियन स्वतःच एडिटरची यादी दाखवतं, आणि तिथे नॅनोच्या पुढे बाण काढून ‘सगळ्यात सोपा’ असं इंग्रजीत लिहून ठेवलंय. आम्ही उगाच भांडलो असं कोणीही म्हणालं नाही.

पहिल्या शनिवारी सातवीतली एक मुलगी गिट कमिट, डॅश एम, पुढे अवतरणात संदेश, एंटर, असं एका दमात करून मोकळी झाली. “अंकल, असं केलं की एडिटर उघडतच नाही.” कोणी शिकवलं विचारलं तर म्हणते यूट्यूबवर.

आता पुढच्या रविवारी मराठी कीबोर्डचा विषय आहे, इनस्क्रिप्ट की फोनेटिक. मास्तर इनस्क्रिप्टवाले, ताई फोनेटिकवाल्या, आणि व्हीआयवाल्याचं म्हणणं आहे की कीबोर्डला हात लावताच आहात तर एस्केप परत टॅबच्या जागी आणा.