पडद्यामागे भिंत

"अहो, पडदा तरी उघडा! केवढा अंधार करून बसलाय!"

क्रूझ जहाजावर जेवणाच्या टेबलावर ओळख झालेले, बाल्कनीची खोली घेतलेले काका आमच्या मुलीची विसरलेली टोपी द्यायला आले होते. आत आले, दोन पावलांत खोली संपली, आणि त्यांनी सर्रकन पडदा ओढला. मागे आरसा. काका क्षणभर स्वतःकडेच बघत राहिले.

"समुद्र कुठाय?"

"दोन्हीकडे आहे. मध्ये इतरांच्या खोल्या आहेत."

"मग पडदा कशाला?"

"आरशाला," बायको म्हणाली.

"आणि सकाळ झालेली कळते कशी?"

"तुम्ही सांगा की," मी बोलून गेलो. चूक झाली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला दार वाजलं. "सूर्य आला बरं का!" तिसऱ्या दिवशी मोबाइलवर डॉल्फिनचा फोटो. तोही शेपटीचाच.

बरं, मी काही अडाणी नाही. तीन आठवडे जहाजाचे नकाशे घोटले होते. खोली मध्यावर हवी, खालच्या मजल्यावर हवी, तिथे डोलणं कमी. वर-खाली खोल्याच असाव्यात, शेजारच्या खोलीत उघडणारं दार नसावं. आणि शेवटी पैसे बघून घेतली 'गॅरंटी' केबिन. यात गॅरंटी एवढीच, की खोली मिळेल. कुठली, ते कंपनी ठरवते. तिने ठरवली थेट पोहण्याच्या तलावाखाली, जिथे पहाटे खुर्च्या फरफटत मांडतात. 'डिस्ने ड्रीम' नावाच्या जहाजावर म्हणे 2011 पासून बिनखिडकीच्या खोल्यांत गोल स्क्रीन आहे, कॅमेऱ्यातून बाहेरचा समुद्र दाखवणारा. आमच्या नशिबी आरसा.

तेही चाललं असतं. पण भाडं माणशी, तेही खोलीत दोघं धरून, मुलांचं वेगळं. वर सेवाशुल्क, रोज, दरडोई. बाल्कनीला आणि आम्हाला दर एकच. काका आरामखुर्चीत पाय पसरून लाटा बघतात. माझा मुलगा छतातून उतरणाऱ्या फळीवर झोपतो आणि उठताना रोज डोकं आपटतो. दोघांची सेवा म्हणे सारखीच. मी काउंटरवर विचारलं, तर तिथली मुलगी इतकं गोड हसली की मीच सॉरी म्हणालो. त्याचा राग अजून आहे.

आज पाचवा दिवस. वर खुर्च्या कधीच सुरू झालेल्या. मुलाचं डोकं आपटून झालेलं. साडेसहाला दार वाजलं.

"आज नुसते ढग आहेत," काका म्हणाले. "तुम्ही झोपा."