‘काहीही चालेल’वाल्यांनो, स्नोडनला तुम्ही येऊच नका

गेले सात आठवडे मी एक डोंगर चढतेय आणि अजून घराबाहेर पाऊल पडलेलं नाही.

महाराष्ट्र दिनाच्या जेवणात, बर्मिंगहॅमच्या आमच्या मराठी कंपूत कुणीतरी बासुंदीची वाटी हातात धरून म्हणालं, “यंदा स्नोडन करूया!” म्हणजे वेल्समधला सगळ्यात उंच डोंगर. सगळे “होऽऽ” करून ओरडले. चार घरं, अकरा माणसं. आणि ग्रुप कुणी काढायचा? मी. कारण मी मूर्ख.

तारखेसाठी पोल टाकला. अकरापैकी चौघांनी मत दिलं, त्यातल्या एकाने दोन्ही तारखांना. बाकीच्यांचं एकच पालुपद: “काहीही चालेल गं, तू ठरव.” ठरवलं. पाच मिनिटांत, “अय्या, त्या शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे.” अगं बाई, मग काहीही कसं चालेल?

पार्किंगचं मी कानीकपाळी ओरडून सांगत होते. जिथून चढाई सुरू होते त्या पेन-इ-पासच्या खिंडीतली जागा एवढीशी, सीझनमध्ये आगाऊ बुकिंग केल्याशिवाय गाडी लावताच येत नाही. नाहीतर खाली नांट पेरिसला गाडी ठेवायची आणि ‘शेर्पा’ची बस पकडून वर यायचं. यावर एका महाभागाचा प्रश्न: “शेर्पा असतील तर बॅगा त्यांच्याकडे देता येतील का?” बस आहे ती! बसचं नाव आहे!

एका रात्री पावणेबाराला दोन जागा रिकाम्या दिसल्या. लगेच स्क्रीनशॉट टाकला, गाड्यांचे नंबर मागितले. सगळ्यांनी वाचलं, कुणी हूं की चूं केलं नाही. सकाळी एक अंगठा आला. नुसता अंगठा! त्याचा गाडीला नंबर म्हणून काय उपयोग? दुपारी खरा नंबर आला तोवर जागा गेल्या होत्या. आणि रात्री तोच अंगठेबहाद्दर लिहितो, “आधीच बुक करायला हवं होतं ना.”

मान्य, या सगळ्यात एक अडचण खरी आहे. पार्किंग कित्येक दिवस आधी घ्यायचं आणि शिखरावरचं हवामान मात्र दोन-तीन दिवस आधीच जरा भरवशाने कळणार. शेजारचा क्रीब गोखचा कडा तर ब्रिटनमधल्या सगळ्यात पावसाळी जागांपैकी एक. पण म्हणून “हवामान बघून ठरवू” असं सात आठवडे म्हणत बसायचं?

त्यात आमचे एक दादा. “कळसूबाई 1646 मीटर, हे 1085. म्हणजे टेकडीच की.” अहो दादा, ही उंची समुद्रापासूनची. पायथ्याचं लानबेरिस गाव आधीच इतकं खाली आहे की तिथून निघालात तर जवळजवळ हजार मीटर चढायचं, जाऊन-येऊन साडेचौदा किलोमीटर. वाटेत लोखंडी शिड्या नाहीत, वळणावळणाला लिंबू सरबतवाली मावशी नाही. आणि कळसूबाई तुम्ही कॉलेजात असताना केलंत, तेव्हा गुडघे तुमच्या बाजूने होते.

हेच दादा परवा रील पाठवतात. कोणता? क्रीब गोखचा! सुरीच्या पात्यासारखी धार, दोन्ही बाजूंना दरी. “हा रूट भारी वाटतोय.” वर जायला सहा मुख्य वाटा आहेत, दादांना सातवीच हवी. सोबत सात वर्षांचं पोर, पायात पांढरे स्नीकर्स, जीन्स. धुकं उतरलं की तिथे माणसं अडकतात, आणि त्यांना काढायला येणारी बचाव पथकाची माणसं स्वयंसेवक असतात, हातातलं काम टाकून धावतात. आपल्या रीलपायी त्यांनी का धावायचं?

तीन आठवड्यांनी कुणाला तरी शोध लागला की वर रेल्वे जाते. जाते बाबा, 1896 पासून जाते. शनिवारची तिकिटं कधीच संपली होती. मिळाली असती तरी वर अर्धा तास थांबून त्याच गाडीने परत. आणि वारा सुटला की अलीकडच्या क्लॉगविन स्टेशनापर्यंतच नेतात, शिखर राहिलं वरच.

नावावरून एक अख्खा रविवार गेला. राष्ट्रीय उद्यानाने 2022 मध्ये ठरवलं की यापुढे ‘अर विद्वा’ हे वेल्श नावच वापरायचं. मी ग्रुपचं नाव बदललं, तर लगेच “हे काय नवीन फॅड, स्नोडनच बरं.” कोण म्हणालं? कुणी ‘बॉम्बे’ म्हटलं की ज्याचा चहा कडू होतो, तो!

एका विषयावर मात्र सगळे ताबडतोब जागे झाले. पोहे न्यायचे की तिखटमिठाच्या पुऱ्या. त्रेसष्ट मेसेज! मोजलेत मी. पोहे गार होतात, पुऱ्या वातड होतात, पोह्यांवर शेव वेगळी न्यावी, ओलं खोबरं टिकेल का, थर्मासमध्ये पोहे भरता येतात का. बुटांबद्दल विचारलं होतं त्याला शून्य उत्तरं. टॉर्च आणि रेनकोटच्या यादीवर एक हसरा चेहरा.

काल रात्री मला एक जागा मिळाली. मंगळवारची, एकाच गाडीची. कुणालाही न विचारता पैसे भरले, रजा टाकली. लेकीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, संपलीय. ती, नवरा आणि मी, पहाटे साडेचारला निघणार. पिग ट्रॅकच्या वाटेने वर, मायनर्सच्या वाटेने खाली.

ग्रुपवर पुऱ्या अजून तळताहेत. आमच्या गाडीत मागची एक सीट रिकामी आहे. तिथे पोह्यांचा डबा बसणार.