‘छोटासा अपघात’: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. त्याच रात्री उत्तर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून थांबलो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या मोटरसायकल राइडवर लिहिलेल्या लेखाच्या शेवटी माझं एक वाक्य होतं : ‘एक छोटासा अपघात वगळता राइड झकास झाली.’ तरुणपणी राजदूतवर वणीचा गड, जव्हार, सापुतारा सगळं पालथं घातलेल्या या काकांनी त्यावर मला चांगलंच धारेवर धरलं. त्यांचं म्हणणं असं : हजारोंचं चिलखत चढवून पोरांना खड्ड्यात घालायचे धंदे आहेत हे. ग्रुप म्हणजे मेंढरं, एक जाईल तिकडे सगळी. त्यापेक्षा एकट्यानं जावं. पाय मोडला की बिल कोण भरतं? आणि शेवटी, ‘ज्याचा पाय मोडला त्याच्या आईला ते वाक्य वाचून दाखवा.’

हे शेवटचं लागलं. म्हणून आधी त्या अपघाताचंच सांगतो. लेखात मी तो सांगितलाच नव्हता, नुसता उरकला होता.

आम्ही अकरा गाड्या. सकाळी सहाला गंगापूर रोडवरून निघालो, गिरणाऱ्यात टोमॅटोच्या पिकअपांमधून वाट काढत वाघेरा घाटानं हरसूल. पुढे एका पाड्याकडे जाणारी कच्ची वाट, जिच्यावरून मी स्वतः आधी एकदाच गेलो होतो. पाऊस संपून तीनेक आठवडे झालेले. वाटेत एक ओहोळ आडवा येतो. रुंदी पंधरा फूट, पाणी पोटरीलाही लागत नाही. लेखातल्या फोटोत सगळे हात उंचावून उभे आहेत ना, तो हाच. फोटो अपघाताच्या वीस मिनिटं आधीचा.

ज्याला लागलं तो चोवीस वर्षांचा, अंबडला कंपनीत कामाला. आधी १२५ सीसीची गाडी चालवायचा. रॉयल एनफिल्डची हिमालयन घेऊन तीन महिने झाले होते, तीही जुनी, १९९ किलोची. ओहोळाच्या अलीकडे थर्मासमधला चहा चालू असताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, मी इथूनच मागं फिरून डांबरीनं जाऊ का? मनगटं भरून आलीत.” मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. “अरे, सगळे चाललेत, तुलाच काय होतंय?”

पाच गाड्या पार झाल्या. सहावी मधोमध बंद पडली. सातवा हा. दोघांच्यात एका गाडीचंही अंतर नव्हतं. पाण्यात एका वेळी एकच गाडी, पुढचा पलीकडच्या काठावर चढल्याशिवाय मागच्यानं चाक ओलं करायचं नाही, हा अगदी बाळबोध नियम आहे. पाणी एवढंसं म्हणून मी तो सांगितला नाही. त्यानं ब्रेक दाबला, डावा पाय खाली टेकवला, पाय शेवाळलेल्या धोंड्यावरून सटकला आणि गाडी डावीकडे आडवी झाली. वेग शून्य. नडगी खाली धोंडा आणि वर फूटरेस्ट अशी मध्ये सापडली. पायात स्पोर्ट्स शूज.

त्यानंतरचं सांगायला जास्त लाज वाटते. आम्ही चौघं पाण्यात उड्या टाकून धावलो आणि मागच्या कॅरिअरला धरून गाडी ओढली. ओढलेली गाडी सरळ वर येत नाही, पुढच्या चाकावर गर्रकन फिरते. ती फिरली, आणि खाली अडकलेला पायही तिच्याबरोबर फिरला. तेव्हाचा त्याचा आवाज अजून कानात आहे. खरं तर एकानं त्याला मागून काखेत धरायचं, दुसऱ्यानं पाय आहे तिथेच, आहे तसा धरून ठेवायचा, आणि मग बाकीच्यांनी हँडल आणि मागची पकड एकदम धरून गाडी सरळ वर उचलायची. त्यात जातात पंधरा सेकंद जास्त. घोट्याच्या वर दोन्ही हाडं मोडली होती. त्यातलं पडून किती आणि आमच्या ओढण्यानं किती, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

मोबाइलला रेंज नाही. दोघं टेकडीवर चढले तेव्हा कुठे १०८ लागला. पण रुग्णवाहिका त्या वाटेनं ओहोळापर्यंत येणं शक्य नव्हतं, डांबरीपर्यंत आम्हालाच आणायचं होतं. पाड्यावरच्या दोन माणसांनी बांबूच्या कांबी फोडून दिल्या. गुडघा आणि घोटा दोन्ही हलू नयेत अशा त्या टॉवेलात गुंडाळून बांधल्या, आणि पायाची बोटं गार पडत नाहीत ना हे दर थोड्या वेळानं हात लावून बघत राहिलो. मग बाज आणली, बाजेवरून पिकअपमध्ये. पिकअपवाला आधी कचरत होता, “पोलिसांचं लचांड माझ्यामागं लागलं तर?” त्याचं चुकलं नाही, वर्षानुवर्षं लोकांनी तेच बघितलंय. पण २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. अपघातग्रस्ताला भल्या मनानं मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी बालंट येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. हे त्याला पटवायला मला दहा मिनिटं लागली. आता त्या कलमाचा मराठी मजकूर छापून प्रथमोपचाराच्या डब्यात ठेवलाय. पडल्यापासून नाशिकच्या दवाखान्याच्या दारापर्यंत पावणेचार तास. सुदैवानं जखम उघडी नव्हती.

तर काका, ‘छोटासा’ हा शब्द खोटा होता. मान्य.

चिलखताबद्दल मात्र पूर्ण मान्य नाही. हेल्मेटवर जगभर झालेल्या अभ्यासांचा २००८ साली एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के कमी होते असं निघालं. म्हणजे उरलेला धोका आहेच, पण एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू दुचाकीवर नाही. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ प्रमाणे आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट विकायलाही बंदी आहे. ती टोपली अजूनही रस्त्याकडेला मिळतात हा वेगळा विषय.

तुमचं खरं ठरतं ते दुसरीकडे. आम्ही चिलखत घेतलं ते वरून खाली. आधी हेल्मेट, मग जॅकेट, मग हातमोजे, मग गुडघ्याचे गार्ड, आणि तिथे पैसे संपले. त्या दिवशी अकरा जणांच्या अंगावर अकरा जॅकेटं होती. घोट्याच्या वर येणारे, कडक तळव्याचे बूट दोघांच्या पायात. जॅकेटच्या खांद्या-कोपरातली गार्ड डांबरीवर वेगात आपटलात, घसटत गेलात, तर कामाची. कच्च्यावर माणूस वेगात असताना क्वचितच पडतो, गाडी मात्र त्याच्यावर पडते. घोटा, नडगी, मनगट, गळ्याचं हाड, बरगड्या, सगळ्या चालण्याच्या वेगात होणाऱ्या इजा. बूट महाग, गरम, उतरून चालायला अवघड, शिवाय फोटोत दिसत नाहीत. मीही माझे तीन वर्षांनी घेतले.

आणि हो, चिलखतानं अवसान चढतं, हेही तुम्ही बरोबर ओळखलंत. साध्या शर्टात जो ओहोळासमोर उतरून आधी पायी चालून बघेल, तोच जॅकेट घातल्यावर थेट गाडी घालतो.

आता मेंढरांचं. इथे मला थोडं लांबण लावावं लागेल, कारण ग्रुपचा धोका लोकांना वाटतो तिथे नसतोच. लोकांना वाटतं पुढचा पळवतो म्हणून मागचे पडतात. पुढचा एकदम शहाणा असला तरी मागचा पळतो. घाटातल्या वळणात सगळे ३०वर आलेत समजा. पहिला वळणातून सुटला, त्यानं ६० घेतले. त्या क्षणी अकरावा अजून ३०वरच रखडतोय. तो सुटेपर्यंत पहिला कुठच्या कुठे गेलेला. रांग तुटू नये म्हणून त्याला ८० घ्यावे लागतात, आणि तेवढ्यात पुढचं वळण येतं. रबर ताणून सोडल्यासारखं चालतं हे, दर वळणाला. पहिल्यानं निवांत ६०नं केलेली राइड शेवटच्यानं जीव मुठीत धरून केलेली असते. आणि शेवटी कोणाला ठेवायची पद्धत? नवख्याला. ‘हळू ये रे मागनं.’

त्यात अंतर. ६०च्या वेगात दोन सेकंदांचं अंतर म्हणजे ३३ मीटर. अकरा गाड्या नीट अंतरानं चालल्या तर रांग एक तृतीयांश किलोमीटरची होते. पेठ रोडला एवढ्या रांगेत ट्रक-टेम्पो घुसणारच. मग मधले तुटतात, घाबरतात, नको तिथे ओव्हरटेक करतात. म्हणून आता चार किंवा पाच गाड्यांच्या वर एक तुकडी नाही. नवखा थेट माझ्या मागे, त्याचा वेग तोच तुकडीचा वेग. फाटा आला की नवख्याच्या मागच्यानं तिथे थांबून शेवटचा येईपर्यंत वाट दाखवायची, म्हणजे ‘पुढचा दिसला पाहिजे’ ही धडपडच संपते. मुरमाच्या वाटेवर सेकंद मोजायचे नाहीत, पुढच्याची धूळ बसू द्यायची.

पण ‘एकट्यानं जावं’ हे मी कोणालाही सांगणार नाही. त्या ओहोळात तो एकटा असता तर १९९ किलो पायावर घेऊन, रेंज नसताना, कोणाची वाट बघत बसला असता? पाड्यावरची माणसं आमच्या आरडाओरड्यानं आली.

मेंढरांच्या उपमेवर माझं एकच म्हणणं आहे. तुम्ही म्हणता एक जातो म्हणून सगळी जातात. त्या दिवशी एक जात नव्हता. तो नको म्हणाला होता, तेही मला बाजूला घेऊन, कारण दहा जणांसमोर म्हणायची लाज वाटली. त्याला मी ढकललं. आता निघतानाच सांगतो : ज्याला मागं फिरायचंय त्यानं नुसतं ‘मी फिरतो’ म्हणायचं, कारण द्यायचं नाही, आम्ही विचारायचं नाही, आणि शेवटचा स्वार त्याच्यासोबत परत जाईल. आतापर्यंत तिघं फिरलेत. एकजण तर मिसळ जरा जास्त झाली म्हणून फिरला. चालेल.

तुमच्या राजदूतच्या दिवसांबद्दल एवढंच, की तेव्हाचा रस्ता आता राहिला नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हे मृत्यू बहुतेक ओहोळात झालेले नाहीत, आपल्या रोजच्या डांबरीवर झालेत. मला स्वतःला भीती वाटते ती परतीच्या ४५-५० किलोमीटरची. हात दमलेले, जॅकेटची चेन उघडी, ‘झालं आता’ ही भावना, आणि तिन्हीसांजेला समोर रिफ्लेक्टर नसलेली कांद्याची ट्रॉली. म्हणून पाचच्या आत घाट चढून डांबरीवर, मग ठरलेलं ठिकाण बघायचं राहिलं तरी.

बिलाचं. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा जो १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो, तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. मोडलेल्या पायाच्या दवाखान्याला त्यातून छदामही मिळत नाही. हे अकरातल्या नऊ जणांना माहीत नव्हतं. आरोग्य विम्यात साहसी खेळ वगळल्याचं कलम असतं, त्याला बरेच घाबरतात. पण विमा नियामकानं ठरवून दिलेल्या मजकुरात ते धंदा म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. तरी आपापली पॉलिसी एकदा वाचा. पाय मोडलेल्या पोराचा बराचसा खर्च त्याच्या कंपनीच्या पॉलिसीतून निघाला, उरलेला आम्ही सगळ्यांनी वाटून घेतला. उपकार म्हणून नाही, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

राहिली आई. रविवारी गेलो होतो सिडकोत त्यांच्या घरी. तो वॉकर घेऊन पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होता, हेल्मेट फ्रिजवर. वाक्य वाचून दाखवायची वेळ आली नाही, त्यांनी लेख तेव्हाच वाचला होता. चहा ठेवता ठेवता एवढंच विचारलं, “तो तुम्हाला नको म्हणाला होता ना?”

मी हो म्हणालो.

“तो सांगत नव्हता,” त्या म्हणाल्या, आणि साखर किती ते विचारलं.

लेखातलं ते वाक्य आज बदलतोय. जुनंही खोडून त्याच्याखाली ठेवतो, म्हणजे तुम्ही कशावर चिडला होतात ते वाचणाऱ्याला कळेल.