सकाळी ८ चा रिमाइंडर नक्की कोणासाठी?

मी ॲप डिझाइनचं काम करतो, राहतो मालवणात, आणि सवय लावणाऱ्या ॲप्सबद्दल बरेच दिवस मनात आहे ते आज लिहूनच टाकतो. गोळी घ्या, पाणी प्या, चाला, सगळं सकाळी ८ ला वाजतं. का, तर डिफॉल्ट ८ ठेवलंय म्हणून! शेजारच्या काकी मासे विकतात, लेकाने बीपीच्या गोळीसाठी ॲप टाकून दिलं. ८ ला त्या बंदरावर लिलावात, दोन्ही हात माशांत, गोळ्या घरी फळीवर. "हो मोबाईल सकाळीच कित्याक बोंबलता रे?" बरोबरच आहे त्यांचं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते, खाडीतल्या होड्या त्या हिशोबाने सुटतात नि येतात, त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे दिवसच वेगळा.

पण घरी आल्यावर काकी पेज जेवतात, ते चुकत नाही. मग डॉक्टरांनी खाल्ल्यावर घ्यायला सांगितलेली गोळी पेजेला जोडा ना! 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधीच ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता वाढते हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर कित्येक वर्षं सांगतायत, स्टॅनफर्डचे बीजे फॉगही जुन्या सवयीला छोटी नवी सवय जोडा म्हणतात. म्हणून ऑनबोर्डिंगला, म्हणजे ॲप पहिल्यांदा उघडल्यावरच्या ओळखीला, चकचकीत स्लाइड नकोत, एकच प्रश्न विचारा, "घरी आल्यावर रोज काय खाता?" आणि सांगा, गोळ्यांचं पाकीट आत्ताच त्या भांड्याशेजारी ठेवा. नोटिफिकेशन दुपारपर्यंत गोळी घेतल्याची नोंद झाली नाही तरच पाठवा.

परवानगीचं पण तेच. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठी विचारावं लागतं, आणि ॲप उघडल्या उघडल्या विचारलं की लोक नको दाबून मोकळे. दोनदा नको म्हटलं की सिस्टीम परत विचारूच देत नाही, मग माणसाने सेटिंगमध्ये जाऊन शोधायचं, कोण जातंय? पहिली नोंद झाली, उपयोग कळला, मग विचारा.

आणि ते स्ट्रीक, म्हणजे न चुकता सलग किती दिवस झाले तो आकडा! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा अंदाज निघाला १८ ते २५४, माणसामाणसात एवढा फरक, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही दिसलं. मग गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना एक नोंद राहिली म्हणून आकडा शून्यावर आणून रडका चेहरा दाखवायचा? मला हे अजिबात पटत नाही. आकडा तसाच राहू दे, दुसऱ्या दिवशी साधं विचारा, आज घेतलीत ना, आणि चुकलेली गोळी स्वतःच्या मनाने डबल घेऊ नका एवढं मात्र ठळक लिहा.