काळ्या गाडीवरची जाळी: एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून पॉलिश, वॅक्स, शाम्पू आणि दोन मायक्रोफायबर असं 1,850 रुपयांचं सामान नेलं आणि सुट्टीच्या दिवशी घरीच गाडीला लावलं. चार दिवस गाडी आरशासारखी दिसली, पण दोनदा धुतल्यावर उन्हात अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसायला लागल्या. बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग पडलेत, ते निघत नाहीत. आणि विचारायला आलात तेव्हा काउंटरवरच्या मुलाने "तुम्हाला लावता आलं नाही" एवढंच सांगून परत पाठवलं.

आधी त्या बोलण्याबद्दल. मी त्या दिवशी माल आणायला कोल्हापूरला गेलो होतो. पण दुकान माझं आहे, तेव्हा माफी मीच मागायला हवी. मनापासून मागतो. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर आधी बाहेर जाऊन गाडी बघायची, मग बोलायचं, हे मी त्याला आज समोर बसवून सांगितलंय.

सकाळी तुमचं बिल काढलं. त्यावर पॉलिश नाहीच, रबिंग कंपाऊंड आहे. तुम्ही पॉलिश मागितलंत आणि आम्ही कंपाऊंड दिलं. आपल्याकडे 'रबिंग-पॉलिश' एका दमात म्हणायची सवय आहे, त्यातून हा घोळ झाला. कंपाऊंड भरड असतं, जुना ओरखडा कापून काढायला. त्यानंतर बारीक पॉलिशचा हात फिरवला नाही तर कंपाऊंडचेच चरे रंगावर राहतात. पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीवर ते सहज दिसत नाहीत, काळ्या गाडीवर एकही लपत नाही. गाडीचा रंग कोणता, एवढं जरी आम्ही विचारलं असतं तरी ही वेळ आली नसती. ही चूक पूर्ण आमची.

पहिले चार दिवस चमक दिसली त्याचं कारण म्हणजे कंपाऊंडमधलं तेल आणि वरचं वॅक्स त्या बारीक चऱ्यांत भरून बसलं होतं. दोन धुण्यांत ते निघून गेलं आणि खालचं उघडं पडलं.

आता एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे, तेही स्पष्ट सांगतो. तुम्ही टाकलेले फोटो मी मोठे करून बघितले. बॉनेटवरच्या रेघा गोल आहेत, हात जसा फिरला तशा. त्या आमच्या कंपाऊंडच्या. पण दोन्ही दारांवरच्या रेघा सरळ आहेत, पुढून मागे गेलेल्या, आणि हँडलखाली जास्त दाट. त्या रोजच्या पुसण्याच्या आहेत. तुम्हीच लिहिलंय की घरावर साखर कारखान्याची काजळी पडते म्हणून तुम्ही गाडी रोज सकाळी न चुकता कोरड्या फडक्याने पुसता. सर, ही काजळी म्हणजे बॉयलरमध्ये जळालेल्या उसाच्या चिपाडाची राख. तिच्यात सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. ती कोरडी घासली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं. गाळप हंगामात सांगलीतल्या बऱ्याच गाड्यांची दारं मी अशीच बघतो, आणि बहुतेक त्यांच्याच असतात ज्यांना गाडीची सगळ्यात जास्त काळजी आहे. म्हणून वाईट वाटतं.

हंगाम संपेपर्यंत कोरडं फडकं लावूच नका. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने राख वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत कपडा खंगाळायला साधं पाणी. टपापासून सुरुवात करून खाली या, चाकांजवळचा भाग शेवटी. भांड्याचा साबण नको, तो वॅक्स उतरवतो. शेवटचं पाणी बोअरचं नको, नळाचं घ्या, आणि लगेच टिपून घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार उन्हात वाळले की काळ्या रंगावर ठिपके बसतात.

आणि कृपया आता जाळी घालवायला पुन्हा कंपाऊंड घासू नका. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस 70 च्या आसपास भरतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ. उन्हापासून रंगाला तोच सांभाळतो. प्रत्येक घासणीला त्यातला थोडा जातो आणि गेलेला परत येत नाही. वॅक्सचं तसं नाही. ते काही कापत नाही, नुसतं वर बसतं, कितीही वेळा लावा. वर्षभर टिकेल असं तुम्हाला आमच्याकडे कुणी सांगितलं असेल तर तेही चूक. उन्हापावसात उभ्या गाडीवर कार्नोबा वॅक्स दीड-दोन महिने टिकलं तरी चांगलं.

बंपरवरचे डाग म्हणजे दाणेदार प्लॅस्टिकच्या खाचांत वाळलेलं कंपाऊंड. कोमट पाण्यात शाम्पू कालवा, जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासा, बरंचसं निघेल. खरं तर लावण्याआधी त्या कडेला मास्किंग टेप मारायची असते. वीस-तीस रुपयांची टेप आम्ही पिशवीत टाकायला हवी होती.

कंपाऊंडचे पैसे परत मिळतील, अर्धा डबा वापरला असला तरी. शिवाय येत्या रविवारी सकाळी साडेसातला गाडी घेऊन दुकानावर या. ऊन चढायच्या आत, पत्रा गार असताना काम करू. बॉनेट मी मशीनवर बारीक पॉलिशने करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. दारांचं मात्र आधी एका हातभर जागेवर करून बघू. तिथे तुमचं समाधान झालं तरच पुढचं, आणि त्याचा दर हात लावायच्या आधी सांगेन. येताना रोज वापरता ते फडकं बरोबर आणा, त्यात किती राख अडकलीय ते पांढऱ्या बादलीत धुऊन दोघं मिळून बघू.