इथं बघायला काय आहे?

आईबाबा न्यूजर्सीला आले होते तेव्हा त्यांना आराम मिळावा म्हणून जमैकाला घेऊन गेलो. तेही माँटेगो बेच्या मोठ्या रिसॉर्टात नाही, मुद्दाम पार दक्षिणेच्या ट्रेझर बीचला, कोळ्यांचं गाव, गर्दी नाही गोंगाट नाही. बाबा सकाळी सातला आंघोळ करून, बूट घालून, टोपी घालून व्हरांड्यात हजर. "चला, आज कुठले पॉइंट?"

आता महाबळेश्वरात वाढलेल्या टुरिस्टला कसं सांगायचं की बाबा इथं पॉइंट नाहीत, इथं नुसतं बसायचं असतं. "बसायला घरी सोफा होता की," आई म्हणाली. बसलो. एक बकरी आली, गेली. बाबांनी तिचाही फोटो काढला. समुद्रात जावं तर पाण्याला ओढ, त्यामुळे आई काठावरून सगळ्यांना गुडघ्याच्या वर पाणी येऊ देईना.

दुपारी करी गोट मागवली. ती येईपर्यंत मी त्यांना अख्खा इतिहास सांगून संपवला, 1845 पासून आपल्याकडचे मजूर इथं उसाच्या मळ्यात आणले, मसाला त्यांच्याबरोबर आला वगैरे, तरी मटण काही येईना. आलं तेव्हा आईने एक घास खाऊन "खोबरं भाजून घातलं असतं तर" एवढंच म्हटलं. तिच्याकडून हे खूप झालं.

शेवटी लव्हर्स लीप सापडला! साधारण सतराशे फूट कडा, खाली समुद्र, आणि दोन गुलाम प्रेमिकांनी उडी मारल्याची दंतकथासुद्धा. बाबा एकदम खुलले, "हा खरा पॉइंट! फक्त कणीसवाला पाहिजे होता."

मग बोटीने पेलिकन बार. भर समुद्रात वाळूच्या पट्ट्यावर खांबांवर उभी लाकडी झोपडी, फ्लॉइड फोर्ब्स नावाच्या कोळ्याने 2001 साली बांधलेली. तिथं लोक फळ्यांवर आपापली नावं कोरायचे, कोणी काही बोलायचं नाही. सिंहगडावर दगडावर नावं लिहिणाऱ्या पोरांना जन्मभर शिव्या घालणाऱ्या माझ्या बाबांनी सरळ चाकू मागितला, आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, खाली मु. पो., ता. वाई, जि. सातारा, सगळं कोरलं, पिनकोडसाठी बोटवाल्याला थांबवून ठेवलं.

2024 च्या जुलैत बेरिल वादळाने ती झोपडी उडवली. मी जरा भीतभीतच बाबांना फोन करून सांगितलं. तर म्हणे, "पत्ता पूर्ण घातलाय मी, फळी कुठं सापडली तर पाठवतील."