पंचेचाळीस दिवसांचा कायदा सत्तरीपर्यंत कधी पोचणार?

गावातल्या लहान धंद्याला सरकारने काय द्यावे, असा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच कर्जावर येते. अनुदान, मेळावा, प्रशिक्षण, परत कर्ज. माझा त्याला विरोध नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान मिळते. विश्वकर्मा योजनेत कुंभाराला, लोहाराला, टोपल्या विणणाऱ्याला अवजारांसाठी १५ हजार आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. ज्यांना लागू होते त्यांनी जरूर घ्यावे. पण गोव्यातल्या डिचोली-सत्तरी तालुक्यांतल्या लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिणे हे माझे रोजचे काम आहे, आणि त्या वह्यांतून दिसणारे दुखणे वेगळेच आहे. माल गेला, बिल गेले, पैसे मात्र अडकले.

माझ्याकडे येणाऱ्या एक काकी सोलां (आमसुले), आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि लोणची करतात. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, उन्हाळ्याच्या शेवटी पिकतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत सोलां वाळून डब्यात गेली पाहिजेत. त्या थोड्या आठवड्यांत रातांबे, मीठ, बाटल्या, लेबले आणि हाताखालच्या बायांची मजुरी, सगळे रोख द्यावे लागते. मजुरी उद्या देते असे त्या कोणाला सांगू शकत नाहीत, कारण त्या बायाही त्याच वाड्यावरच्या. मग पर्यटनाचा मोसम सुरू झाला की किनाऱ्यावरचे एक हॉटेल माल उचलते. माल पोचल्याच्या चलनावर (पावतीवर) स्टोअरवाल्याची सही असते, शिक्का असतो. त्याच चलनांच्या मागे काकींनी पेन्सिलने लिहून ठेवलेले असते : ‘साहेब रजेवर’, ‘सोमवारी फोन’, ‘अकाउंटवाला बदलला’, ‘नाताळ झाल्यावर बघू’. एका चलनामागे तर लिहायला जागाच उरलेली नव्हती. तोवर घर कशावर चालते? सोसायटीच्या कर्जावर. त्याचे व्याज काकी भरतात. म्हणजे पंचतारांकित जेवणावळीला बिनव्याजी भांडवल सत्तरीतली बाई पुरवते आणि स्वतः मात्र व्याज भरते. मला हे अन्यायाचे वाटते, आणि गेली कित्येक वर्षे वाटत आले आहे.

यावर कायदा नाही असे समजू नका. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा आहे, आणि तो चांगला कडक आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवताच येत नाही. लेखी काही ठरलेच नसेल तर १५ दिवस. मुदत चुकली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर हा दर साडेसोळा टक्क्यांवर जातो. लाखाचे बिल मुदत उलटून सहा महिने राहिले तर साडेआठ हजारांच्या आसपास नुसते व्याज होते. करारात उलटे काही लिहून घेतले असले तरी हे व्याज टळत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल मान्य केला असे धरले जाते. तीन महिन्यांनी पैसे मागायला गेल्यावर ‘बाटल्या गळत होत्या’ असे ऐकवणाऱ्यांसाठी हे कलम वाचून दाखवण्यासारखे आहे.

दाद मागायला प्रत्येक राज्यात फॅसिलिटेशन कौन्सिल असते. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमले तर लवाद. निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला कोर्टात आव्हान द्यायचे असेल तर आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. एवढे दात असलेला कायदा लहान माणसाच्या बाजूने क्वचितच लिहिला जातो.

मग काकी तक्रार का करत नाहीत? कारण पुढची ऑर्डर त्याच हॉटेलकडून यायची आहे. सगळी गोम इथे आहे. या कायद्याची किल्ली आपण सर्वांत दुबळ्या माणसाच्या हातात दिली आहे. तिने अर्ज करायचा, तिने आपल्या एकमेव मोठ्या गिऱ्हाइकाचे नाव त्यात लिहायचे, आणि मग निकालाची वाट बघायची. कायदा म्हणतो निकाल ९० दिवसांत. ९० दिवस उलटून गेले तर पुढे काय, यावर कायदा काही बोलत नाही.

केंद्राने २०२३ च्या वित्त कायद्यात एक चांगली गोष्ट केली. आयकर कायद्यात ४३बी कलमाला नवीन पोटकलम जोडले. सूक्ष्म-लघु उद्योगाचे बिल मुदतीत चुकते केले नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही, पैसे ज्या वर्षी दिले त्या वर्षी धरायचा. २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशेबापासून हे लागू झाले आणि मार्चअखेर काही बिले खरोखरच पटापट निघाली, मी पाहिले आहे. इथे काकींना तक्रार करावी लागत नाही, हिशेब तपासणारा सीएच खरेदीदाराला विचारतो. कायदा असाच हवा. पण लगेच दुसरी वाट निघाली. एका खरेदीदाराने माझ्या एका अशिलाला सरळ सांगितले, ‘बिलावर उद्यम क्रमांक घालू नका, नाहीतर आम्ही दुसरीकडून घेऊ.’ हा क्रमांक म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीचा; तो बिलावर नसला की हा नियम लागू आहे हे दिसत नाही. अशिलाने तो काढून टाकला. दोन मुलांच्या फिया भरायच्या असताना त्याला मी कुठल्या तोंडाने लढ म्हणू?

म्हणून उद्यम नोंदणीबद्दल हात जोडून सांगतो, ती करून घ्या, आणि पहिला माल पाठवायच्या आधी करून घ्या, नंतर केली की वाद उकरायला जागा मिळते. सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे. कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. जीएसटी क्रमांक नसलेल्या अगदी लहान धंद्यासाठी उद्यम असिस्टची सोय आहे. बचतगटालाही नोंदणी करता येते.

कायद्यात आणखी एक भोक आहे आणि त्यातून आपली बरीच माणसे गळून पडतात. मिरची दळून मसाला पाकिटात भरणारी उद्योजक ठरते. तीच मिरची पिकवणारा शेतकरी ठरत नाही. वाड्यावाड्यावर फिरून भाजी, नारळ, केळी गोळा करून हॉटेलांना घालणारा तर व्यापारी. व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली, पण फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचे संरक्षण त्यांना नाही. परत तेच, कर्ज घ्या म्हणतात, स्वतःचे पैसे मिळवून द्यायचे नाव नाही. गोव्याच्या खेड्यांत असे टेम्पोवाले, टोपलीवाल्या किती आहेत ते पहाटे म्हापशाच्या बाजारात उभे राहून बघा.

सरकार स्वतःही खरेदीदार आहे हे विसरून चालणार नाही. शाळांना माध्यान्ह आहार पुरवणाऱ्या बायांच्या गटांची बिले थकल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्या! डाळ-तांदूळ देणारा दुकानदार त्यांना किती दिवस थांबेल? एका बाजूला स्वयंपूर्ण गोव्याची भाषणे करायची, खाजे, खोल्याची मिरची, मानकुराद आंबा यांच्या भौगोलिक मानांकनाचा अभिमान मिरवायचा (तो मलाही आहे), आणि दुसऱ्या बाजूला गावच्या गटाला बिलासाठी खेपा घालायला लावायच्या, हे शोभत नाही.

गोवा सरकारला दिल्लीची वाट बघत बसायचे कारण नाही. कौन्सिलच्या कामकाजाचे नियम करायचा अधिकार याच कायद्याने राज्याला दिला आहे. त्यात दोन गोष्टी घालाव्यात. एक, कौन्सिलची बैठक वाळपई, काणकोण, पेडणे अशी तालुक्याच्या गावी फिरती व्हावी. अर्ज ऑनलाइन भरता येतो हे खरे, पण सुर्ल्याच्या किंवा गावडोंगरीच्या बाईने सुनावणीला आपला दिवस मोडून पणजी गाठायची म्हणजे तिचे नुकसान वरून. दुसरी, एकाच खरेदीदाराविरुद्ध अनेक पुरवठादारांचे अर्ज एकत्र घ्यावेत. दहा जणांनी मिळून मागितले तर एकटीची ऑर्डर बंद करणे तितके सोपे राहत नाही.

पण माझी खरी मागणी याहून पुढची आहे. हॉटेलांना १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावीच लागते. बारसाठी अबकारी परवाना लागतो. त्या कायद्यांत आणि नियमांत दुरुस्ती करून नूतनीकरणाच्या अर्जाला एक पान जोडायला लावा : सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची ४५ दिवसांवरची किती बिले बाकी आहेत, कोणाची, किती. कंपन्यांना असे विवरण केंद्राकडे दर सहा महिन्यांनी द्यावेच लागते. पण आपल्याकडची कितीतरी हॉटेले, रेस्टॉरंटे, शॅक भागीदारीत किंवा एकट्याच्या नावावर चालतात, ती या जाळ्यात येतच नाहीत. परवान्याशी थकबाकी जोडली की काकींना कोणाविरुद्ध उभे राहायची गरज पडत नाही. विचारणारे सरकार असेल. आणि त्याच पानात भाजीवाला, नारळवाला यांचीही बाकी दाखवायला लावली तर केंद्राच्या कायद्यातले भोक राज्यापुरते तरी बुजेल.

हॉटेलवाले म्हणतील, आमचेही पैसे ट्रॅव्हल एजंटांकडे अडकतात. अडकत असतील. पण स्वयंपाक्याचा पगार आणि विजेचे बिल ते वेळेवर भरतात, कारण तिथे थांबवले तर काम बंद पडते. काकींच्या हातात तसे बंद पाडण्यासारखे काही नाही, म्हणूनच कायदा लागतो.

आमच्या पंचायतीच्या येत्या ग्रामसभेत मी असा ठराव मांडणार आहे : परवान्याला थकबाकीचे विवरण जोडावे, कौन्सिल तालुक्यात यावी, आणि सरकारी खात्यांनी आपली बिले आधी ४५ दिवसांत काढावीत. गोव्यात १९१ पंचायती आहेत. आपापल्या ग्रामसभेत कोणाला मांडायचा असेल तर मसुदा तयार आहे, मला निरोप पाठवा, देतो. आणि ज्यांची बिले अडकली आहेत त्यांनी चलने जपून ठेवा, सही-शिक्क्यासकट, आणि माल पोचल्याची तारीख त्यावर घालून घ्या. मुदत तिथूनच मोजली जाते.